वडिलांनी वाघ ठरवलेली मेइयून

कुओ मेइयून कोंबडीला घाबरते. अंगणात कोंबडी शिरली की ती पाय वर घेऊन बसते. तरी अख्खं लुकांग गाव तिला वाघीण म्हणायचं, कारण ती वाघाच्या वर्षी जन्मली होती, आणि ते वर्ष वाघाचं हे माझ्या वडिलांनी ठरवलं होतं.

पंचांग पाहणं आमच्या घरात तीन पिढ्यांचं. आमच्या पंचांगात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो, बैलामागून वाघ येतो. मेइयून जन्मली तेव्हा नवं वर्ष लागायला दोन दिवस होते. चार माणसांच्या रीतीने ती बैलाच्या वर्षातली. पण वडील म्हणाले, "वसंत लागून अकरा दिवस झाले. वर्ष वसंतापासून मोजायचं. ही वाघ." शेजारच्या गावातल्या पंचांगवाल्याने तिला बैल सांगितलं असतं. पण ती शेजारच्या गावात जन्मली नाही.

मग लोकांना तिच्यात वाघ दिसू लागला. तान्ही असताना रडली, तर ती डरकाळी. शाळेत गप्प बसली, तर दबा धरून बसली. वाघवाले धाडसी, तापट, हुकूम सोडणारे असतात, असं आमच्या पुस्तकात आहे. मेइयून पहाटे उठून मुगाचं सारण घोटते आणि दिवसभर लग्नाचे केक भाजते. एखादा घाणा बिघडला तर कुणाला बोल न लावता पुन्हा करते. एकदा ठरवलं की जागची हलत नाही. हे सगळं बैलाच्या पानावरचं आहे.

वाघाची नजर नवरीवर पडली तर तिची कूस उजवत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे गावातल्या प्रत्येक लग्नात मेइयूनचे केक असत, मेइयून एकाही लग्नात नसे. वाघाच्या हातचं चालतं, वाघाची नजर चालत नाही.

ती एकोणीस वर्षांची असताना मी तिला मागणी घातली होती. तिची आई राजी होती. पण माझं वर्ष माकडाचं, आणि माकडाचं वाघाशी उभं वैर. वडिलांनी पुस्तकाचं ते पान माझ्यापुढे उघडून ठेवलं आणि जेवायला बसले. त्याच आठवड्यात त्यांची जुनी टिपणं चाळताना मला तिची जन्मतारीख सापडली: गावाच्या रीतीने ती बैल, आणि बैलाचं माकडाशी काही वैर नाही. मी मूग गिळून बसलो. आपलेच दात, आपलेच ओठ. पुढे मी सशाच्या वर्षातली बायको केली. मेइयूनला पुन्हा कुणी मागणी घातली नाही.

तिचा भाऊ वारला, वहिनीने तैपेईला दुसरं घर केलं, आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी वानरू आत्याच्या, मेइयूनच्या, पदरात पडली. परवा त्याच वानरूचं लग्न निघालं. मुहूर्त मी काढला. लाल कागदावर खाली लिहिलं: नवरी निघताना वाघवाल्यांनी समोर थांबू नये. हाताला सवय असते.

वानरू तो कागद घेऊन माझ्या दारात आली.

"गुरुजी, हे काय लिहिलंत?"

"रीत आहे बाई."

"आत्या समोर नसेल तर मी उंबरा ओलांडणार नाही. गाडी राहू दे चार दिवस उभी."

आत्याचं म्हणणं उलटं. "मी मागच्या गल्लीत जाऊन बसते. पोरीची कूस रिकामी राहिली तर मी कुणाला तोंड दाखवू?" दोघींपैकी एकही तसूभर सरकेना.

लग्नाच्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, तर मेइयून घरातले जुने कपडे घालून मागच्या दाराकडे निघाली होती. मी तिला थांबवलं आणि तिच्या वर्षाची चूक सांगितली.

"म्हणजे मी बैल?"

"बैल."

"मग इथे चुलीपाशी काय सांगताय? मला चुलीने थोडंच हाकललंय? अंगणात सांगा."

"अंगणात पाहुणे आहेत."

"म्हणून तर."

वडिलांनी पन्नास वर्षं जुळवलेल्या पत्रिका माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. अंगणात जाऊन मी बोललो.

"माझे वडील चुकले. कुओ मेइयून वाघ नाही, बैल आहे."

नवरीच्या डोक्यावर धरायचं सूप घेऊन उभी असलेली शेजारची काकू म्हणाली, "मी पहिल्यापासून म्हणत होते. ती जेवते कशी बघा, रवंथ केल्यासारखी."

"आणि बोलते तरी कुठे? अस्सल बैल!" दुसरी म्हणाली.

दहा मिनिटांत तिला कधी काळी वाघ समजणारं माणूस अंगणात उरलं नाही.

मेइयून लाल कोट घालून आली आणि अगदी पुढे उभी राहिली. वानरू तिच्या पाया पडली आणि रडू लागली. मेइयूनने तिची कॉलर सरळ केली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिने पापणी हलवली नाही. सत्तेचाळीस वर्षांत तिने पाहिलेली ती पहिली नवरी. मला लाज वाटली.

पाहुणे जेवायला गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"गुरुजी, तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "तू एकोणीस वर्षांची होतीस."

"मागणी मोडली तेव्हा?"

"त्याच आठवड्यात."

"आणि पोरगी अडून बसली नसती तर?"

तिने केकचा एक डबा उचलला, दोरी घट्ट बांधली आणि माझ्या हातात दिला.

"बैलाला राग उशिरा येतो, असं आहे ना तुमच्या पुस्तकात? मला अजून थोडा वेळ लागेल. तोवर तुम्ही घरी पोचाल. निघा."