पाठीसाठी केलेला अर्ज

उत्तर सिक्कीममध्ये आमची चौकी खूप उंचावर होती. मी हवालदार होतो, चौकीचा प्रमुख. हाताखाली एक सेक्शन, म्हणजे दहाएक जवान. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं. मग स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं, हत्यारं साफ करायची, उजाडलं की दोर लावलेल्या वाटेची पाहणी. सगळे दिवस सारखेच. थंडीची सवय होते असं लोक म्हणतात. होत नाही. माणूस तिच्याबद्दल बोलायचं सोडतो, एवढंच.

एका सकाळी शिपाई बाळू पासलकर उठला नाही. आदल्या संध्याकाळी त्याला थोडा खोकला होता. आता ओठ निळे पडले होते आणि छातीत घरघर वाजत होती. त्या उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं. माणसाला लवकर खाली नेणं हाच त्यावर खात्रीचा उपाय. मी रेडिओवर गेलो.

"पेशंट सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"हवामान खराब. हेलिकॉप्टर मिळणार नाही. स्ट्रेचरवर खाली आणा. इकडून डॉक्टर निघाले आहेत. ओव्हर."

"रॉजर. आउट."

चौघांनी स्ट्रेचर उचललं. बाळूच्या डोक्याकडे मी आणि एक नाईक. पायाकडे दोघे, त्यात दरीच्या बाजूला शिपाई दत्ता लोखंडे. दत्ता जत तालुक्यातला, दुष्काळी गावचा. बर्फ त्यानं पलटणीत आल्यावरच पाहिला होता, पण बर्फावर त्याच्याइतकं सावध पाऊल कुणाचंच नव्हतं.

नाल्याच्या वळणावर कडेचा बर्फ दत्ताच्या पायाखालून सुटला. तो ओरडला, "धरा!" स्ट्रेचर दरीकडे कललं. मी दोन्ही हातांनी दांडा मागे ओढला आणि तसाच उताणा पडलो. पाठ खडकावर आपटली. कमरेखालचं शरीर आहे की नाही, काही क्षण कळेना. दांडा मात्र हातात होता. मान वर केली तेव्हा समोर स्ट्रेचर होतं. बाळू होता. दत्ता नव्हता.

आम्ही बाळूला खाली पोचवलं. तो वाचला. दत्ता दुसऱ्या दिवशी सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी जबाब दिला. वाट कशी होती, दोर कुठे होता, कोण कुठे उभं होतं, सगळं सांगितलं. स्वतःच्या पाठीबद्दल एक शब्द बोललो नाही. दत्ता तिरंग्यात गुंडाळून घरी निघालेला असताना, कंबर दुखते म्हणून एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या, रांगेत कोणत्या तोंडानं उभं राहायचं? नर्सिंग असिस्टंटकडून दुखण्याच्या गोळ्या घेत राहिलो. त्यामुळे इंज्युरी रिपोर्ट भरला गेला नाही.

पाठीपेक्षा दुसरीच गोष्ट आत बसली होती. दत्ता "धरा" म्हणाला होता. स्ट्रेचर धरा म्हणाला, की मला धरा म्हणाला? माझे दोन्ही हात दांड्यावर होते. मी एकही सोडला नाही. हे मी कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. शालनला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही.

सर्व्हिस संपताना मेडिकल बोर्ड झालं. कंबरदुखी आहे, पण ती सेवेमुळे झालेली नाही, असा शेरा पडला. मी सही करून बाहेर आलो. पेन्शन घेऊन कोथरूडला दोन खोल्यांत राहू लागलो. एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझरचं काम मिळालं. पुढे काही वर्षांनी डाव्या पायात बधिरपणा आला. मग लघवीवरचा ताबा जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, जुन्या माराने मणका सरकलाय, नसा दाबल्या गेल्यात. ऑपरेशन झालं, पण त्या नसा पूर्ण सुधारल्या नाहीत.

एके दिवशी सोसायटीच्या गेटवर, भर सकाळी, शाळेच्या बसची गर्दी असताना माझी पँट ओली झाली. युनिफॉर्म खाकी असल्यामुळे डाग लगेच दिसला. एक बाई आपल्या मुलीला घेऊन पलीकडे सरकल्या. मी सावधानमध्ये उभा राहिलो. दुसरं काय करावं, सुचलंच नाही.

दुपारी सेक्रेटरींनी बोलावलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "जगदाळे, आपण उद्यापासून येऊ नये. कारण मला बोलून दाखवायला लावू नका."

"येत नाही, सर," म्हणालो.

घरी आल्यावर शालनला सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, फौजेत लागलंय ना तुम्हाला? मग फौजेला सांगा."

"फौजेपुढे हात पसरू?"

"हात कशाला पसरायचा? लागलंय ते लागलंय म्हणायचं."

मी अर्ज केला. नामंजूर झाला. दुखापतीची नोंद नाही, असं कारण आलं. मी विषय सोडून दिला होता. शालननेच कुणाकडून तरी पत्ता आणला. सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर ॲडव्होकेट साठे बसायच्या. साठीच्या, पांढरे केस, बारीक आवाज. माजी सैनिकांच्या पेन्शनच्या केसेस चालवायच्या.

"काय त्रास आहे?" त्यांनी विचारलं.

"कंबर दुखते."

"आणि?"

"पाय बधिर होतो."

"आणि?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शालन माझ्याकडे बघत होती.

साठेबाईंनी पेन खाली ठेवलं. "हवालदार, लाज बाहेर चपलांपाशी काढून ठेवा. जाताना घेऊन जा, कोणी चोरणार नाही. इथे मात्र मला सगळं लागेल."

मग मी सांगितलं. थोरल्या बहिणीच्या वयाच्या बाईपुढे, बायको शेजारी बसलेली असताना, अंथरूण ओलं होतं हे सांगितलं. कान तापले होते. त्यांनी लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "मार लागला तेव्हा पाहणारं कोण होतं?"

नाईक पुढे आजाराने गेला होता. चौथ्या जवानाचा पत्ता लागत नव्हता. उरला बाळू पासलकर. कात्रजच्या पुढे त्याचं गाव. फौज सोडून त्याने म्हशी पाळल्या होत्या, हे मला माहीत होतं. इतक्या जवळ राहून आम्ही एकमेकांना भेटलो नव्हतो. तो का आला नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी का गेलो नाही, ते मला ठाऊक होतं. त्याला पाहिलं की दत्ता आठवला असता.

मी गेलो. बाळू गोठ्यातून हात पुसत आला आणि मला बघून जागीच थांबला. मग म्हणाला, "साहेब, मीच यायला पायजे व्हतं."

मी कामाचं बोललो. प्रतिज्ञापत्र लागेल म्हणालो. तो म्हणाला, "कवा यायचं तेवढं सांगा."

साठेबाईंच्या ऑफिसात तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही आजारी होतात. शुद्ध होती?"

"व्हती. दम नव्हता, पन् डोळं उघडं व्हतं. मी उताना पडलेला. हवालदार साहेब डोक्याकडं. त्यांचं तोंड मला उलटं दिसत व्हतं. ते मागं पडलं तवा त्यांच्या पाठीचा आवाज मी ऐकलाय. लाकूड मोडावं तसा. तरी दांडा सोडला न्हाई त्यांनी."

"आणि दुसरा जवान? लोखंडे?"

बाळू खुर्चीत मागे सरकून बसला. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला. "दत्ता माझ्या पायाकडं व्हता. त्याच्या पायाखालचा बर्फ गेला तवा त्याच्या हातात दांडा व्हता. त्याला धरून लोंबकळला असता तर आमी समदी गेलो असतो. त्यानं दांडा वर रेटला, बाजूच्याच्या अंगावर. 'धरा' म्हनला. मग हात सोडला. मी बघितलं. माझ्या पायापाशीच."

शालन डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. इतकी वर्षं मी ज्या शब्दाला घाबरत होतो, त्याचा अर्थ एक माणूस इथून अर्ध्या तासावर घेऊन बसला होता. आणि तोही माझ्यासमोर यायला घाबरत होता. आपल्यामुळे दत्ता गेला असं मला वाटत असेल, असं त्याला वाटत होतं; हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

साठेबाईंनी चष्मा पुसला. "हे जसंच्या तसं लिहायचं," एवढंच म्हणाल्या.

अपील दाखल झालं. काही महिन्यांनी पुन्हा मेडिकल बोर्डासाठी बोलावणं आलं. पुण्यातच, लष्करी रुग्णालयात. वकिलांना आत जाता येत नाही. आदल्या दिवशी साठेबाईंनी बजावलं, "सगळं सांगायचं. तिथे शूरपणा दाखवू नका. त्यासाठी वेगळी पदकं असतात, ती इथे मिळत नाहीत."

शालन सोबत आली. दाढी केली होती, बूट चमकवले होते. टेबलामागे तीन डॉक्टर, मधले लेफ्टनंट कर्नल. मी सावधानमध्ये उभा राहिलो. त्यांनी पाय तपासले, हातोडी मारून बघितली, रिपोर्ट वाचले. मग कर्नलसाहेबांनी हिंदीत विचारलं, "पेशाब का कंट्रोल कैसा है?"

"ठीक है, सर."

तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर अधिकाऱ्याने विचारलं की हेच उत्तर दिलं होतं. चौकीवर कसं आहे? ठीक है, सर. खाना? ठीक है, सर. माझ्या लक्षात आलं की चुकलं. पण शब्द परत घेता येईना.

कर्नलसाहेबांनी रिपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साथ में कौन आया है?"

"वाइफ, सर."

"अंदर बुलाओ."

शालन आली. तिने टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझं काय झालंय ते तिला तिथेच कळलं. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलली. "साब, ये नहीं बोलेंगे. मैं रोज चादर धोती हूँ. लोग उठने के पहले. गॅलरी में नहीं सुखाती, अंदर सुखाती, पंखे के नीचे. किसी को दिखना नहीं, इसलिए. ये लग्न में नहीं जाते, बस में नहीं बैठते. बहन के घर नहीं रहते. साब, मेरा आदमी झूठा नहीं है. उनको शरम आती है."

मी समोरच्या भिंतीवर नजर ठेवून उभा होतो. एवढी लाज मला गेटवरही वाटली नव्हती. आणि ती फक्त ओल्या चादरीची नव्हती. मी काही बोलत नाही म्हणून हिला हे सगळं परक्या माणसांपुढे बोलावं लागलं, याची होती.

कर्नलसाहेब उठले. "बैठ जाओ, हवालदार साहब." मी उभाच राहिलो. ते पुन्हा म्हणाले, "बैठ जाओ. ये ऑर्डर है." मी बसलो. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि मी एकेकाचं खरं उत्तर दिलं.

निकाल यायला बरेच दिवस लागले. दुखापत सेवेमुळे झाल्याचं मान्य झालं. डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर झाली. साठेबाईंना पेढे द्यायला गेलो तर म्हणाल्या, "हे फौजेला द्यायचे होते. मी फक्त टाइप केलं." पण दोन पेढे खाल्ले.

शालनने घरात आनंद केला. मला आनंद व्हायला वेळ लागला. सरकारने माझी पाठ मान्य केली, चांगलं झालं. पण ज्या दिवसाबद्दल मला हे मिळत होतं, त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. मी बाळूला फोन केला. "जतला जायचं."

तो म्हणाला, "माझ्या डोक्यात कवाचं हाय. एकट्याला जमत नव्हतं."

दत्ताचे वडील घरासमोर लिंबाखाली बसले होते. आई वारली होती. भाऊ शेतावर गेला होता, त्याची बायको घरात होती. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली. म्हातारा हळूहळू उठला आणि पाहुणे आले म्हणून सुनेला हाक मारली. घोंगडी अंथरली. आम्ही बसलो. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. बर्फ, वळण, दांडा, आणि दत्ता काय म्हणाला ते. पलटणीच्या पत्रात फक्त 'कर्तव्य बजावताना' असं लिहिलं होतं. बाकीचं त्यांना आम्हीच पहिल्यांदा सांगत होतो.

त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाले, "आजारी व्हता त्यो पोरगा जगला का?"

बाळूची मान खाली गेली. "मीच त्यो, बाबा."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग सरकत पुढे आला आणि बाळूच्या छातीवर तळवा ठेवला.

"आता लागतो का दम?"

"न्हाई."

"न्हाई ना? मंग झालं तर."

त्यांनी हात काढला नाही. बाळू रडत होता आणि त्याच्या छातीबरोबर तो हात हलत होता. मी उठून जरा बाजूला गेलो. गावच्या शाळेच्या भिंतीवर दत्ताचं नाव रंगवलेलं आहे, ते सून मला दाखवायला घेऊन गेली. शिपाई दत्तात्रय लोखंडे. मधल्या सुट्टीची पोरं भोवती खेळत होती. मी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. पाठ सरळ व्हायला थोडा वेळ लागला, पण झाली.