शेवट नसलेलं वाजवणं

आमची आई परंड्यात लोकांच्या वरातीत डोक्यावर दिव्यांची चौकट घेऊन चालायची. मागं जनरेटरची गाडी, मान हलवायची नाही, जेवण उरलं तर शेवटी. माझा मोठा भाऊ विलास तिचा पदर धरून चालायचा आणि पुढं बँजो वाजवणाऱ्या मारुतीमामांची, आईच्या सख्ख्या भावाची, बोटं बघायचा. त्याच दिव्यांच्या पैशावर मी बी.कॉम. झाले, घराण्यातली पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. विलास दीड महिन्यापूर्वी काविळीनं गेला. तो गोड माणूस होता असं लिहिणार नाही... नव्हताच.

पावसाळ्यात लग्नं बंद झाली की मामांच्या बँजो पार्टीतली पोरं आमच्या पत्र्याच्या खोलीत उगंच वाजवत बसायची. विलासनं ते मोबाईलवर घेऊन, जुन्या लॅपटॉपवर जोडून अल्बम करायचं ठरवलं आणि घोडं एकाच जागी अडलं. वरातीच्या वाजवण्याला शेवट नसतो. थांबलं की नाचणारी पोरं पांगतात, म्हणून एक चाल संपायच्या आत दुसरी सुरू करायची. नवरदेव मांडवात शिरला की कुणीतरी हात वर करतं, तेवढंच. मामांनी उभ्या जन्मात एक गाणं आपल्या मनानं संपवलं नव्हतं. विलास सगळ्यांदेखत म्हणायचा, "मामा, नवरदेव मांडवात गेला, त्याला पोरंबी झाली. आता तरी थांबा की!" पोरं हसायची.

"तुला बँजो धरायला कुणी शिकवलं रे?"

"तुमीच. म्हणून तर सोडावा लागला."

आईलाही त्यानं सोडलं नाही. ती दारात खोकली तर म्हणाला, "गाणं घालवलंस. भाईर बस." गाण्यात माणसाचा आवाज आला की तो पुसून टाकायचा. आई पावसात वळचणीला बसून राहिली.

सात गाणी अशीच, हात वर करून मामांना थांबवत, माणसं दुखवून झाली. आठव्याला मामा बेभान वाजवत होते. इतकं चांगलं मी कधी ऐकलं नव्हतं. शेवट आला, मामा थांबेनात. विलास ओरडला, "बास! मेलात तरी कळायचं न्हाय तुमाला!" मामांनी बँजो पिशवीत घातला आणि चहा न घेता गेले. विलास दवाखान्यात होता तेव्हा मी मामांना भेटून जायचा निरोप धाडला. उत्तर आलं, "म्हणावं, मी वाजवतोय अजून."

विलासचे दिवस झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. त्या आठव्या गाण्याच्या शेवटी विलासचं ओरडणं तसंच होतं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गं. शिवी तर शिवी... लोकांच्या कानावर पडंल त्याचा आवाज."

मी मामांच्या घरी गेले. म्हटलं, "आठव्या गाण्याला शेवट पाहिजे." ते बँजोची पिशवी घेऊन आले, वाजवायला बसले आणि जिथं थांबायचं तिथं अलगद थांबले.

"मामा, हे येत होतं तुम्हाला?"

"तो मला हसायचा, म्हणून थांबत न्हवतो." आईकडं न बघता त्यांनी विचारलं, "झालं? जाऊ?"

मी भावाचा आवाज काढला आणि मामांचा शेवट जोडला. विलासनंही हेच केलं असतं. आई माझ्याशी बोलत नाही. अल्बम पूर्ण झाला आहे. आठ गाणी आहेत, आणि आठही संपतात.