चौदा हजारांची उचल

धाकटी जाऊ घरात आली त्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटतो. ज्या चुलीवर माझी भाकरी करपायची, त्याच चुलीवर तिची टम्म फुगायची. आता चुली वेगळ्या झाल्या, पण मधली भिंत एकच आहे.

आमच्या गोरेगावात, मुंबईतल्या नव्हे, आम्हा वीस बायकांची भिशी होती, महिन्याला हजाराची. चिठ्ठी नाही, बोली. वीस हजार जमले की गरजवंत बाईनं कमीत मागायचं. सगळ्यांत कमी मागेल तिला पैसे, आणि तिनं सोडलेली रक्कम वीसही जणींत सारखी वाटायची. हप्ता मात्र शेवटपर्यंत हजाराचाच. म्हणजे आधी घेणारीनं व्याज सोसायचं, थांबणारीनं ते खायचं. टीव्हीवर व्याजदर पाव टक्क्यानं उतरल्याची बातमी लागली की नवरा मोठ्यानं सांगायचा. मी म्हणायचे, आमचा दर ठरवायला मुंबईत कुणाला बसावं लागत नाही, बायांची नड तो ठरवते. मोठी शहाणी होते मी.

मला शिलाईच्या दुकानात पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं, पण दिवाळीनंतर. तोवर बोली थंडावते आणि अठरा-एकोणीस हजार हाती येतात. तिसऱ्याच महिन्यात जाऊ म्हणाली, "ह्या बारीला मी घेते. फ्रिज आणायचाय."

माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. उन्हाळ्यात माझी लेकरं तिच्या दारात बर्फ मागायला उभी राहिलेली मला दिसली.

ती सतरा म्हणाली, मी सोळा. ती पंधरा म्हणाली. मी चौदा म्हणाले, तेही जरा मोठ्यानं. ती पदर सावरून गप्प बसली. त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी आले. सहा हजार सोडून आलेय, हे नवऱ्यानं विचारल्यावर कळलं. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

मशीन आलं. आठवड्यात जाऊ नवी साडी घेऊन दुकानात हजर.

"भिशीतून तीनशे वाट्याला आलते ना, जाऊबाई, त्याचीच घेतली बाजारातून. फॉल लावून द्या."

माझ्याच पैशाची साडी, माझ्याच मशीनवर. मी फणकारले, "तुला घ्यायचीच नव्हती भिशी, तर बोली काहून लावलीस?"

"घ्यायची व्हती की. पण पंधराच्या खाली जायचं न्हाई, असं घरूनच ठरवून आलते." साडीची घडी उलगडत तिनं सहज विचारलं, "तुमी किती ठरवलं व्हतं?"

मी सुईत दोरा ओवत बसले. तिला मिळू द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्याला आकडा नव्हता. जावेकडून शिलाई घ्यायची कशी, म्हणून फॉलही फुकट लावून दिला.

भिशीच्या शेवटच्या महिन्यात ती एकटीच उरली. समोर बोली लावायला कुणी नव्हतं. पूर्ण वीस हजार उचलून तिनं फ्रिज आणला.

बर्फाला मी लेकरांना पाठवत नाही. मीच जाते, तिचा फ्रिज नीट चालतो का ते बघायला. अजून तरी चालतोय.