शोभाताईंचं गणगोत तळेगावला जातं

आमच्या कुरुळीच्या युनिटमध्ये किस्से साठवावे लागत नाहीत राव, आपोआप साचतात! चहाला दहा मिनिटं बसलं की दोन जुने निघतात आणि एक नवा घडतो.

काम साधं. मोटर चालू-बंद करणाऱ्या छोट्या बोर्डांत प्रोग्राम भरायचा. त्याला आम्ही 'फ्लॅश मारणं' म्हणतो. पूर्वी ते फक्त माझ्या कॉम्प्युटरवर व्हायचं. आता ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, केबल लावायची, बटण दाबायचं, झालं!

सरांनी हे काम शोभाताईंना दिलं. गावातल्याच त्या. इतकी वर्षं सोल्डरिंग केलं, पण आता डोळे साथ देईनात. सर म्हणाले, "तळेगावची ऑर्डर नीट गेली तर हे टेबल तुमचं." नाही गेली तर काय, ते बोलले नाहीत. ताईंना न बोलता कळलं.

*

पहिल्या दिवशी मी सांगितलं, "पानावर 'कनेक्टिंग' आलं की बोर्डावरचं हे बटण दाबून धरा." आणि गेलो जेवायला. परत येतो तर बोर्ड कधीच तयार, ताईंचा अंगठा अजून बटणावर!

"अहो ताई, सोडा की!"

"सोडा म्हून कुनी सांगितलंच न्हाई!"

*

मग केबलचा घोळ. चार्जिंगच्या साध्या केबलमधून प्रोग्राम जात नाही आणि डेटाची चांगली केबल कुणीतरी मोबाईलला पळवतो. ताईंनी तिला पिवळा दोरा बांधला. "ही देवाची हाय. हात लावाल तर बघा!"

आमचे फिटिंगवाले सलीमभाई सगळ्यात मोठे केबलचोर. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, पाचच मिनिटं द्या ना. हात धुऊन आलोय!"

*

बोर्डावरचा बारीक नंबर ताईंना दिसेना. पानावर प्रत्येक बोर्डाला नाव द्यायची सोय आहे, आणि बोर्ड कुठेही गेलं तरी त्यातला प्रोग्राम आणि चालू-बंदचा ठिपका तिथं दिसतो. ताईंनी घरचं गणगोतच बसवलं! पानावर नाव, बोर्डावर मार्करने तेच नाव ठळक. आम्हाला पत्ताच नाही. ऑर्डर रवाना झाली आणि तळेगावच्या इंजिनिअरचा फोन आला.

"सर, तुमची थोरली जाऊ मोटर फार लवकर बंद करतेय!"

सेटिंग बदलून ते निस्तरलं. पण ताईंचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं.

*

दोन दिवसांनी पुन्हा फोन, स्पीकरवर. "एका बोर्डात जुना प्रोग्राम राहिलाय, लाइन धड चालेना. सगळी बोर्डं काढून टेबलावर ठेवलीत. फ्लॅश कुणाला मारू?"

जुना प्रोग्राम कुणात राहिलाय ते ताईंनी पानावर पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना मारा."

"ह्यांना म्हणजे? इथं 'हे' नावाचं बोर्ड नाही, ताई!"

मी तोंड उघडणार, तर सरांनी हातानेच थांबवलं. नवऱ्याचं नाव ताईंनी मार्करने लिहिलं होतं, पण तोंडाने कसं घेणार? शेवटी त्यांनी पदर सावरला.

"पिवळा दोरा बांधला डेटाच्या केबलला,
किसनरावांना फ्लॅश मारा, निजल्यात ते टेबलला!"

तिकडे अख्ख्या शिफ्टने टाळ्या पिटल्या. इकडे आम्ही सगळे पानाकडे बघतोय. किसनरावांपुढचा लाल ठिपका काही हलेना. आणि एकदम हिरवा झाला!

"ताई, किसनराव चालू झाले!"

सरांनी टेबलाच्या खणाची किल्ली ताईंपुढे ठेवली. ताईंनी डोळे पुसले, किल्ली कमरेला खोचली.

"लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच एका हाकंत उठलं बघा!"