बांधावरच्या लिंबाचे भुंगे

भादव्यात आमचं सोयाबीन जागोजागी पिवळं पडलं. एक झाड धरलं तर ते अलगद हातात आलं. खाली मुळंच नव्हती. माती उकरली, तर पांढरी, गुबगुबीत हुमणी अळी वेटोळं करून बसलेली.

थोरले दीर बांधावरून म्हणाले, "एकट्या बाईला झेपायचं न्हाय. रान बटईनं लावून दे मला, निम्मं पीक तुझं."

माझे मालक वारल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं.

"झेपंल," मी म्हणाले.

गावात कृषी सहायक आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ही अळी आता खोल जाईल, कोष करील. त्याचा भुंगा होऊन उन्हाळाभर जमिनीतच बसेल. वळीव पडला की दिवस मावळताना बाहेर निघेल, कडुलिंबाचा, बाभळीचा पाला खाईल आणि परत मातीत जाऊन अंडी घालेल. त्याआधी मारा."

उन्हाळाभर मी आभाळाकडं बघत राहिले. वळीव पडला. संध्याकाळी बांधावरच्या लिंबाचा पाला भुंग्यांनी नुसता करकरत होता. खाली ताडपत्री अंथरली, आकडीनं एक फांदी हलवली. तेवढ्यात दीर आले.

"माझ्या झाडाला हात लावायचा न्हाय!"

पडलेले भुंगे मी घमेल्यात भरले, पदरानं झाकले आणि थेट त्यांच्या घरी नेऊन घमेलं ओट्यावर पालथं केलं. भुंगे चौफेर पळाले. दीर माझ्या मागोमाग आलेच होते.

"झाड तुमचं, मग भुंगे बी तुमचेच. घरात ठेवा. माझ्या रानात अंडी घालू नका म्हणून सांगा त्यास्नी."

दारामागं जाऊबाईंना हसू आवरेना. दिरांचा चेहरा लालबुंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिंबाखाली गेले. या वेळीही कुणाला विचारलं नाही. दीर हाताची घडी घालून उभे राहिले, पण मला अडवलं नाही. जाऊबाई आल्या, नवऱ्याकडं न बघता ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. डिझेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत आम्ही भुंगे ओतत राहिलो. वळवाचे दिवस सरेपर्यंत रोज.

तरी त्या साली सोयाबीनचा एक कोपरा वाळलाच. भुंगे काय एकाच झाडावर बसतात? बाकीचं रान मात्र शेंगांनी लगडलं.

काढणी झाल्यावर वाळलेल्या कोपऱ्यात ट्रॅक्टरनं खोल नांगरट करून घेतली. नांगरामागं हुमण्या उघड्या पडल्या आणि बगळे तुटून पडले. मी ढेकळांत उभी राहून ओरडले, "खावा रं, एक बी ठिवू नका!"