घड्याळवाल्या आर्लिसबाईंची साक्ष

नाव : आर्लिस मार्गित ट्वेट. वय : त्र्याहत्तर. वास्तव्य : स्टोरवेट, मिनेसोटा, तळ्याकाठचं शेवटचं घर. पद : स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या बर्फगाडी सोडतीची घड्याळरक्षक, मानद, सलग अडतीस वर्षं. पात्रता : स्वयंपाकघर पाण्याच्या अंगाला. गैरवर्तन : नोंद नाही.

काम तसं बिनडोकाचं. जानेवारीत एक भंगार गाडी गोठलेल्या तळ्यावर नेऊन उभी करायची. तिला बांधलेली तार आर्लिसच्या खिडकीतून आत आणायची आणि ओट्यावरच्या विजेच्या घड्याळाच्या प्लगला अडकवायची. वसंतात बर्फ फुटलं की गाडी बुडते, तार ताणली जाते, प्लग निघतो, घड्याळ थांबतं. ती वेळ ज्याच्या तिकिटावरच्या अंदाजाच्या सर्वांत जवळ, त्याला अर्धी गाय, कापून, बांधून, फ्रीझरसकट. गाव साडेआठशे वस्तीचं. चर्चमध्ये पाद्रीबाबा काय म्हणाले यावर तिथे मतभेद होत. आर्लिसचं घड्याळ काय म्हणालं यावर नाही.

अपवाद एकच, मेल्विन क्विस्ट.

जुलैतल्या त्या मंगळवारी सकाळी आठला फोन वाजला. पलीकडे गव्हर्नर लोवेल ऑस्बी. एकेकाळी याच गावच्या अग्निशमन दलाचा चिटणीस. अकरा वर्षांत त्याचा फोन नव्हता.

"आर्लिस, गुडघा कसा आहे तुझा?"

"कुठला?" आर्लिस म्हणाली. गुडघ्याची बातमी राजधानीपर्यंत कुणी नेली, या विचारात ती पडली.

लोवेल हसला, मक्याच्या पिकाची चौकशी केली आणि शेवटी सहज म्हणाला, "तुझ्याकडे कुणी येईल कदाचित. जे खरं आहे ते सांग, बरं का."

फोन ठेवल्यावर आर्लिस बराच वेळ ओट्याकडे पाहत उभी राहिली. खरं सांग असं ज्याला सांगावंसं वाटतं, त्याला आपण खोटं सांगू अशी शंका असते. नाहीतर खरं सांगू अशी भीती असते. यातलं लोवेलचं कुठलं, हे तिला कळेना.

दहाला एक भाड्याची पांढरी गाडी आली. रोझलिन पेटिग्रू, वॉशिंग्टनच्या वकील. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला जोडीला उपाध्यक्ष हवा होता, यादीत लोवेल धरून तीन नावं उरली होती आणि तिघांच्या पूर्वायुष्याची धुणी या बाई उलटीपालटी करून बघत होत्या. आल्या आल्या त्यांनी आर्लिसच्या केकची तारीफ केली, अजून चाखलाही नव्हता तरी. आर्लिसने मनात एक खूण करून ठेवली.

"गव्हर्नरसाहेबांनी दोनशे अकरा प्रश्नांची उत्तरं दिलीत," पेटिग्रूबाई म्हणाल्या. "कर, दवाखाना, बायको, शेजारी. एक डाग नाही. मला तेच खटकतं."

"मग इथं कशाला आलात?"

"एक पत्र आलंय. मेल्विन क्विस्ट."

"मेल्विन तेहतीस वर्षं पत्रंच लिहितोय. तो चर्चच्या घंटेविरुद्धही लिहितो."

"ते म्हणतात, तेहतीस वर्षांपूर्वी चिटणीस ऑस्बींनी सोडत फिरवली. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला बुडाली, धुक्यात त्यांनी डुबुक असा आवाज ऐकला. घड्याळ मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी पाच दहाला थांबलेलं. त्यांचं तिकीट त्या सकाळी सातचं. आणि अर्धी गाय गेली ती ऑस्बींच्या सासूबाईंकडे." त्यांनी वहीवरून नजर काढली नाही. "गाईच्या अर्ध्या भागासाठी निवडणूक हरलेली माणसं मी पाहिलीत, मिसेस ट्वेट."

आर्लिसने कॉफी ओतली. कपाबाहेर गेली, पुसली.

त्या वर्षी, त्या शनिवारी चर्चच्या जेवणासाठी तिच्याकडे दोनशे मीटबॉल, म्हणजे खिम्याचे गोळे, करायचे होते. ओट्यावर प्लगची जागा एकच. कढईएवढा विजेचा रोस्टर तापवायचा होता. हातात पीठ, डोक्यात जेवण. तिने जो प्लग दिसला तो उपटला आणि रोस्टरचा लावला. पाच वाजून दहा मिनिटं. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा सहा वाजत आले होते आणि दारात लोवेल उभा होता, चिटणीस म्हणून घड्याळ बघायला आलेला, टोपी हातात. बाहेर धुकं इतकं, की तळं आहे की नाही हेच कळू नये. लोवेलने थांबलेलं घड्याळ पाहिलं. रोस्टरचा प्लग पाहिला. तिने तोंड उघडलं, तोवर तो वेळ लिहायला लागला होता. मग त्याने एक मीटबॉल खाल्ला, "झकास," म्हणाला, आणि गेला. सकाळी धुकं उठलं तेव्हा गाडी नव्हतीच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. मेल्विनने विचारलं, त्याला गाव हसलं. तीही हसली होती.

लोवेलने तिची लाज राखली की सासूची गाय? हा प्रश्न तिने तेहतीस हिवाळे उलटसुलट केला होता. नाही बोललं तर मेल्विनचं पत्र खरं ठरून लोवेलचं नाव कटणार. बोललं तर तिचं. गावात तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. नवरा गेला, मुलं ॲरिझोनात. माणसं तिला घड्याळवाली म्हणून ओळखत.

"प्लग मी काढला," आर्लिस म्हणाली. "मीटबॉलसाठी."

पेटिग्रूबाईंनी प्रथमच वर पाहिलं. "त्यांनी काढायला सांगितलं?"

"तो तेव्हा घरात नव्हता."

"गप्प राहा म्हणाले?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात?"

"नाही."

"त्यांनी सगळं पाहिलं, कागदावर सही केली आणि आजवर दोघांनी अवाक्षर काढलं नाही. एकमेकांशीसुद्धा."

"तो मीटबॉलबद्दल बोलला."

बाईंनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर आर्लिसला समाधान दिसलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. "हे गुप्त राहील," दारात जाताना त्या म्हणाल्या. केक अर्धा तसाच होता.

अकराव्या दिवशी लोवेलचं नाव जाहीर झालं. टीव्हीवर त्याच्या शेजारी उभा राहून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणाला, की या माणसाच्या पोटात गोष्ट राहते. गावाने चौकात झेंडे लावले. आर्लिसने टीव्ही बंद केला आणि पायी मेल्विनकडे गेली. परक्या बाईला सांगितलं आणि ज्याची गाय त्याला नाही, हे काही बरं दिसत नव्हतं.

मेल्विन ओसरीवर मटार सोलत होता. तिने सगळं सांगितलं.

"पावणेसात," मेल्विन म्हणाला.

"असेल."

"असेल काय, अगं. मी ऐकलं." त्याने आणखी चार शेंगा सोलल्या. "तू हसली होतीस, आर्लिस. बाकीचे हसले त्याचं काही नाही."

ती उठून निघाली. सप्टेंबरच्या बैठकीत तिने अग्निशमन दलालाही उभं राहून तेच सांगितलं.

ऑक्टोबरात पत्र आलं : 'श्रीमती ट्वेट यांच्या प्रदीर्घ, निष्ठावान सेवेची दल कृतज्ञतापूर्वक नोंद घेत असून, तांत्रिक सोयीच्या दृष्टीने घड्याळाच्या स्थानाबाबत सर्वानुमते फेरविचार करण्यात आला आहे.'

घड्याळ मेल्विनकडे गेलं.