लिस्बनचा राखणदार

आमच्या मामांना जिची काळजी वाटली नाही अशी एकही वस्तू देवाने आजवर घडवलेली नाही. गोव्यातल्या मांद्र्याच्या घरी ऊन तापले तर विहीर आटेल म्हणून, आणि ढग आले तर वाळत घातलेली सोलं भिजतील म्हणून ते अंगणात येरझाऱ्या घालत. तुयेच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. संध्याकाळी कुलूप लावून ते तीनदा ओढून बघत, फाटकापर्यंत येत आणि चौथ्यांदा ओढायला परत जात. कोल्हापूरकडचे कामगार गणपतीला गावी निघाले की प्रत्येकाला बजावत, "आंबोलीचो घाट चडलो काय म्हाका फोन कर." एकदा गडहिंग्लजचा एक जण फोन करायला विसरला, तर मामा दोन दिवस धड जेवले नाहीत, आणि तो सुखरूप परतल्यावर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मामी म्हणायची, "एक दिस ह्यांका काळजी करूंक कांयच मेळूंक ना, तर ताप आयलो."

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, आमचा दिगू, लिस्बनला गेला. मामांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, म्हणजे मुलालाही तिकडचे नागरिकत्व मिळवून देणारा. बापाच्या तसल्या जन्मदाखल्यावर आमच्या पेडणे तालुक्यातली कितीतरी पोरे गेली, तसाच हाही. त्या खटपटीत आपलेही नाव तिकडच्या दप्तरात चढले हे कळल्यावर मामांनी मला डिचोलीहून बोलावून घेतले आणि दार लावून विचारले, "फाल्यां लढाय जाली जाल्यार म्हाका खंयच्या बाजून आपयतले रे?" तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. दोन्ही बाजू तुमच्यावाचून भागवतील, असे मी सांगितले. पण त्यांचा काही विश्वास बसला नाही.

दिगू तिकडे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. आठवे वर्ष चालू असताना तो ओल्या दगडी उतारावर घसरला, पाय मोडला, ऑपरेशन झाले, आणि हे सगळे त्याने घरी कळवले तीन महिन्यांनी. त्या दिवसापासून मामांच्या बाकी साऱ्या काळज्या मागे पडून एकच उरली. तिथे पोराला बघणारे कोण आहे? फोनवर ते पूर्वी फक्त "केन्ना येतलो?" एवढेच विचारायचे. आता तेही विचारीनासे झाले आणि नुसते श्वास टाकू लागले. शेवटी दिगूनेच तिकिटे पाठवली आणि मामा, मामी व मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर निघालो. सुट्टी मामीची होती. मामा तपासणीला चालले होते.

विमानात त्यांनी डोळा लावला नाही. खिडकीतून पंखावर नजर ठेवून होते, कारण "कोणे तरी लक्ष दवरूंक जाय मरे." लिस्बनला उतरल्यावर तपासणीच्या टेबलावर त्यांच्या बॅगेतून विड्यांचा एक कट्टा निघाला. मामांनी जन्मात विडी ओढलेली नाही. अधिकाऱ्याने कट्टा नाकाशी धरला आणि मामा घाईघाईने म्हणाले, "म्हजी न्हय, म्हजी न्हय." अशा टेबलावर नेमके जे म्हणू नये तेच ते. आमचे नशीब की त्या माणसाला कोकणी येत नव्हती.

शहर सुरेख होते. चढउतारांच्या गल्ल्या, त्यांतून कण्हत जाणारी पिवळी ट्राम, आणि खाली समुद्राला मिळणारी रुंद नदी. दिगूला सगळे दाखवायची हौस होती, पण मामांनी आधी त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतल्या खिडकीची कडी, गॅसची नळी आणि जिन्याचा कठडा बघून घेतला. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हांगाचो राखणदार कोण?"

आमच्याकडे प्रत्येक गावाच्या शिमेला, म्हणजे हद्दीवर, राखणदार देव असतो. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी घेऊन तो शीम राखतो. नवे बिऱ्हाड आले की आधी त्याच्या नावाने रोट, म्हणजे जाड भाकरी, आणि विडी ठेवायची, गाऱ्हाणे घालून सांभाळ मागायचा, मग चूल पेटवायची. दिगूने यातले काहीच केले नव्हते.

"आठ वर्सां हांगा रावता, आनी राखणदाराक सांगूंकच ना?" मामा म्हणाले. "मगे पांय मोडतलोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीतून सर्वांत मोठा गोल पाव घेतला आणि आम्हाला समोरच्या चौकात नेले. तिथे एक जुने झाड होते, त्याखाली बाक, आणि बाकावर काठी टेकून, खांद्यावर शाल टाकून एक म्हातारा ऊन खात बसला होता. मामांनी झाडाच्या बुंध्याशी पाव ठेवला, वर विड्यांचा कट्टा ठेवला आणि हात जोडले. मी पोलीस येतो का ते बघत उभा राहिलो.

"बा म्हाराजा," मामांनी सुरुवात केली, "ह्या वाठाराच्या राखणदारा, तुजें नांव आमकां म्हायत ना. चूक जाली ती पोटांत घाल."

"व्हय म्हाराजा," मी आणि मामी हळूच म्हणालो.

"आमचो राखणदार मांद्र्याची शीम सोडून हांगा येना. म्हणून हो म्हजो झील आज तुज्या पदरांत घालतां. पांय घसरलो जाल्यार हात दी. येकलो पडलो जाल्यार सांगात दी."

मुलगा परत यायचा नाही, हे त्यांनी त्या वाक्यात कबूल करून टाकले होते. मामीने पदर तोंडाला लावला. मी पोलिसाचे निमित्त करून रस्त्याकडे बघू लागलो. गाऱ्हाणे तसेच लोंबकळत राहिले, आणि मग मागून दिगूच बारीक आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

म्हातारा उठला. काठी टेकत आला, कट्ट्यातली एक विडी काढून हुंगली, खिशात घातली आणि दिगूच्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. बहुधा आजचे ऊन छान आहे, एवढेच असेल. मामांनी अर्थ विचारला नाही. माझे मनगट घट्ट धरून, काठीकडे खूण करत म्हणाले, "दांडो पळयलो?" पुढचे सगळे दिवस ते पोटभर जेवले, आणि एकदा तर चालत्या ट्राममध्ये घोरले.

त्याला चार वर्षे झाली. दर आयतारी, म्हणजे रविवारी, फोनवर मामा विचारतात, "बाकार आसा मरे तो?" आणि दिगू सांगतो, "आसा, पप्पा."

गेल्या महिन्यात दिगूने मला सांगितले की म्हातारा दोन हिवाळे झाले तिथे दिसलेला नाही.

"मगे पप्पाक खोटें कित्याक सांगता?" मी विचारले.

"फट न्हय रे दादा. आयतारा सकाळीं हांवच वचून बसतां त्या बाकार. मागीरच फोन करतां."

मामांना मी हे सांगितलेले नाही. परवा मांद्र्याला गेलो तर ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तो म्हातारो जालो आसतलो रे. थंडयेचो उगड्यार बसता. ताका बघपी कोण आसा थंय?"

"दिगू आसा, मामा," मी म्हटले.

ते फाटकाची कडी बघायला गेले.